बाबांच्या मोल्डिंग कारखान्याचे कागद माझ्या नावावर करताना

मे 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. बेळगावच्या उद्यमबागेतला आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना त्यांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप होता. तो सगळ्या कागदांवर माझ्या नावानं उभा राहायला 2025 चा एप्रिल उजाडला. मधल्या काळात एकच गोष्ट सारखी वाटायची, की या वाटेनं आधी गेलेलं कुणीतरी भेटावं आणि त्यानं "आधी हे कर, मग ते कर" एवढं तरी सांगावं. सीए होते, वकील होते, दोघंही भले. पण प्रत्येकजण आपापल्या कागदापुरतं सांगायचा. आपल्या भागात, उद्यमबाग असो, मच्छे असो नाहीतर निपाणी, वडिलांच्या एकट्याच्या नावावर चालणारे असे कितीतरी कारखाने आहेत. त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवातीला जे कळलं ते फार कठीण वाटलं. प्रोप्रायटरशिपमध्ये कायद्याला मालक आणि धंदा वेगळे दिसत नाहीत. मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. मालक गेला की जीएसटी नंबर, चालू खातं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सगळं त्याच्याबरोबर थांबतं. मशीनं मात्र जागेवर असतात, ऑर्डरी फळ्यावर लिहिलेल्या असतात, आणि सहा घरं त्या पगारावर चालत असतात.

बाबा गेले त्या दिवशी दुपारी दीडशे टनी मशीनवर नायलॉनचा माल चालू होता. फोन आल्यावर सगळे तसेच घरी आले, फोरमनकाका मात्र तासाभरानं आले. त्या वेळी मला त्याचं थोडं वाईट वाटलं होतं. तेरावं झाल्यावर आम्ही शेड उघडलं तेव्हा कारण कळलं. काकांनी आधी नायलॉन काढून, बॅरलमधून, म्हणजे प्लास्टिक वितळतं त्या नळीतून, एचडीपीई हे दुसरं प्लास्टिक मारून, मशीन स्वच्छ करून मगच हीटर बंद केले होते. "नुसतं स्विच पाडून आलो असतो तर आत जळून कोळसा झाला असता की, अक्का. मग स्क्रू काढायला लागला असता." 

त्या सकाळी त्यांनी मला शेजारी उभं करून मशीन सुरू केलं. मी दहा वर्षं इथली बिलं आणि हिशोब बघत होते, पण मशीनच्या इतकी जवळ क्वचितच गेले होते. बॅरलवरच्या हीटरचे तीन झोन, प्रत्येकाचा वेगळा आकडा. तापमान चढायला जवळजवळ तास लागला. आकडा गाठला तरी काकांनी लगेच स्क्रू फिरवला नाही, आतलं लोखंडही तापू दे म्हणाले. मग नोझल, म्हणजे बॅरलचं तोंड, डायपासून (साच्यापासून) मागं घेऊन माल बाहेर सोडला. आधी पिवळट, मग राखाडी, मग दुधासारखा पांढरा लोळा जमिनीवरच्या पत्र्यावर पडला. डायला पाण्याचे पाइप लावले, दाब ठेवला. पहिल्या शॉटला, म्हणजे डायमध्ये एकदा माल भरल्यावर, टोपणाची एक कड भरलीच नाही. दुसऱ्याला थोडी कमी. काकांनी दाब आणि वेळ जरा वाढवला. पाचव्या-सहाव्या शॉटला अख्खं टोपण आलं, कडेला फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली पातळ पापडी नाही, गेटजवळ, म्हणजे माल डायमध्ये शिरतो तिथं, खड्डा नाही. काकांनी ते माझ्या हातावर ठेवलं. गरम होतं. मशीनं विकून मोकळं व्हा, असं सांगणारे नातेवाईक घरी येऊन गेले होते, आणि त्यांचं सांगणं काळजीपोटीच होतं. पण माझा निर्णय त्या सकाळी झाला.

आता कागदांकडे येते.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. नोंद 21 दिवसांच्या आत झालेली असली की काही अडत नाही. दवाखान्यात गेलेल्या माणसाची नोंद दवाखान्यातूनच जाते, पण तिथं लिहिलेलं नाव आधार आणि पॅनशी अक्षरशः जुळतंय का, हे त्याच वेळी बघा. नंतर दुरुस्ती करत बसायला ताकद नसते. प्रती भरपूर काढून ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणी मूळ प्रत मागतात आणि एका प्रतीला फारसे पैसे पडत नाहीत.

दुसरं काम कागदाचं नव्हतं, फोनचं होतं. बाबांचं सिम चालू ठेवायचं. जीएसटी पोर्टल, वीजबिल, बँकेचे निरोप, जुन्या ग्राहकांचे फोन, सगळं त्या एका नंबरावर. वर्षभराचं रिचार्ज एकदम मारून टाकलं. घरच्यांना तो फोन वाजलेला सहन होत नव्हता, म्हणून तो मी शेडवर ठेवला.

बँकेला कळवल्यावर चालू खातं गोठलं, ते नियमानंच. त्यात ग्राहकांचे पैसे येऊन पडत होते आणि काढता येत नव्हते. नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, त्यामुळे शेवटी रक्कम तिला मिळाली, पण तोवर पगार, वीज, दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) यांचं काय? पहिल्या दोन महिन्यांचे पगार आईनं तिची एफडी मोडून दिले, साधारण पावणेदोन लाख. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च हाच. फी आणि स्टँप त्यापुढं किरकोळ. ज्यांचे वडील आज धडधाकट आहेत त्यांनी चालू खात्याला नॉमिनी आहे का, एवढं तरी आज विचारून घ्यावं.

मग वारसाचा कागद. कर्नाटकात नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, वंशवृक्ष किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला मिळतो. अर्जाची फी अगदी थोडी असते. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधार, रेशनकार्ड आणि प्रतिज्ञापत्र दिलं. नंतर तलाठी घरी येऊन शेजाऱ्यांना विचारून पंचनामा करून गेले. बेळगावचं लोकसभेचं मतदान 7 मेला झालं होतं आणि निकाल 4 जूनला लागायचा होता, त्यामुळे महसूलची माणसं निवडणुकीच्या कामात होती. दाखला जूनच्या मध्यावर हातात आला. अर्जाचा फॉर्म कन्नडमध्ये होता. मला कन्नड वाचता येतं, आईला येत नाही, म्हणून सहीआधी प्रत्येक ओळ तिला मराठीत वाचून दाखवली. हे मुद्दाम सांगते. आपल्या घरांतल्या बऱ्याच बायकांना सहीची जागा दाखवली जाते, मजकूर वाचून दाखवला जात नाही.

हा दाखला यायची वाट न बघता जीएसटीचं काम सुरू करायला हवं, हे सीएंनी नीट बजावलं होतं. वारसानं धंदा पुढं चालवला तर त्याला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी 30 दिवस असतात. अर्जात नोंदणीचं कारण म्हणून मालकाचा मृत्यू हा पर्याय निवडायचा. नोंदणीला सरकारी फी नाही. आमचं आधार प्रमाणीकरण झालं आणि जागेच्या कागदांवर एक शंका विचारली गेली. तिचं उत्तर दिल्यावर नंबर आला. तोवर माल काढत होतो, पण बाहेर एक खोकं पाठवलं नाही. बाबांच्या नंबरावर त्यांच्यानंतरच्या तारखेचं बिल करायचं नाही, यावर सीए ठाम होते, आणि ते बरोबर होतं. शेडमध्ये छतापर्यंत खोकी चढली होती. शिरोलीच्या एका ग्राहकाचा रोज फोन यायचा, त्यांना मी रोज तेच खरं सांगायची. ते थांबले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर. आधी नवी नोंदणी. मग जुन्या लॉगिनमधून आयटीसी-02 हा फॉर्म भरायचा; त्यानं बाबांच्या खात्यात शिल्लक असलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, नव्या नंबराकडे येतं. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं, कारण धंद्याबरोबर देणीही वारसाकडे येतात हे त्यात लिहून द्यावं लागतं. मग नव्या लॉगिनमधून ते स्वीकारायचं. जुनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज सगळ्यात शेवटी. आधी नोंदणी रद्द करून बसलात तर क्रेडिट हलवायला वाट राहत नाही. जुन्या लॉगिनला बाबांच्या मोबाइलवर ओटीपी यायचा, तिथं ते जपून ठेवलेलं सिम कामी आलं. सिम बंद झालं असेल तर संबंधित जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करून वारसाला अधिकृत सहीदार म्हणून जोडून घेता येतं.

आमचं क्रेडिट लाखाच्या आतलंच होतं. पण आयटीसी-02 चं मोल माझ्यासाठी पैशांत नव्हतं. जुना नंबर आणि नवा नंबर एकमेकांना जोडणारी ती एकमेव सरकारी नोंद ठरली. ती पुढं किती उपयोगी पडली, ते ओघात येईलच.

जुलैमध्ये पाऊस लागला. बेळगावचा पाऊस मोल्डिंगवाल्यांना कसा छळतो ते सांगायला नको. नायलॉन हवेतली ओल पितो आणि टोपणावर चंदेरी रेघा उमटतात. दाणा ऐंशी अंशांवर चार तास सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यात, घालायचा नाही, असं बाबांनी ड्रायरवर खडूनं लिहून ठेवलेलं आहे. त्या दिवसांत संध्याकाळी मी बाबांचं लोखंडी कपाट उघडून बसायची. वीजजोडणीच्या नावबदलासाठी मूळ मंजुरीचं पत्र लागणार होतं. ते शोधता शोधता सगळा कारखानाच कागदांतून बाहेर आला.

सगळ्यात खाली 1986 चं पत्र होतं, कर्नाटक विद्युत मंडळाचं. आमच्याकडची जुनी माणसं वीज कंपनीला अजून केईबीच म्हणतात. 2002 पासून आपल्याकडे हेस्कॉम आहे, पण आमचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, त्या पहिल्या पत्रापासून चालत आलेला आहे. बाबा मूळचे खानापूर तालुक्यातले. आयटीआय करून फाउंड्रीत लागले, मग दोन वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात डाय बनवायला शिकले, आणि 1986 मध्ये भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये हातानं दांडा ओढायचं एक मोल्डिंग मशीन घेऊन बसले. पहिला माल कांडी. यंत्रमागाच्या धोट्यात बसते ती, बाण्याचं सूत गुंडाळायची. वडगाव, शहापूर, खासबागेत तेव्हा मागांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा. लाकडी कांडी पावसाळ्यात फुगायची, चिरायची. प्लास्टिकची तशी व्हायची नाही. त्या कांडीची डाय अजून रॅकवर आहे. बाजूच्या कडेवर बाबांनी पंचानं ठोकलेला आकडा आहे, 1. पुढच्या सगळ्या डायना त्यांनी असेच क्रमानं आकडे दिले, आणि वहीत प्रत्येकीसमोर लिहिलं: कुणाची, कशाची, कोणता दाणा, शॉटला किती ग्रॅम.

मग कर्नाटक राज्य वित्तीय निगमाचं कर्ज, 1992. त्यातून पहिलं स्क्रूचं मशीन आलं, ऐंशी टनी. ते आजही चालतं. कर्ज फिटल्याचं पत्र 1998 चं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेलं. त्याच कप्प्यात सी फॉर्मच्या फायली; दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकानं कमी करासाठी द्यायचा तो फॉर्म. आज ज्यांनी धंदा सुरू केलाय त्यांना हे माहीत नसेल. तीच कांडी वडगावच्या मागवाल्याला दिली तर राज्याचा विक्रीकर, आणि इचलकरंजीच्या मागवाल्याला दिली तर केंद्रीय विक्रीकर. समोरच्यानं सी फॉर्म दिला तर चार टक्के. हा दर 2007 मध्ये तीन झाला, 2008 मध्ये दोन. फॉर्म आला नाही तर फरक विकणाऱ्याच्या गळ्यात. बाबांच्या वहीत "सी फॉर्म आला" असा वेगळा रकाना आहे, आणि कितीतरी ओळींपुढं तो रिकामा आहे. त्या रिकाम्या चौकटींसाठी ते एसटीनं इचलकरंजीला जायचे, हे मला लहानपणापासून आठवतं. का जायचे ते आत्ता कळलं. टेंपो राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडला की रात्री घरी फोन यायचा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, नाके उठले. त्या महिन्याच्या वहीत बाबांनी काहीच शेरा लिहिलेला नाही, फक्त तो रकाना आखायचं थांबवलंय.

कांडी हळूहळू संपली, माग कमी झाले. मग ठिबकच्या जोडण्या आल्या, आणि पुढं बेळगावच्या हायड्रॉलिकवाल्यांची टोपणं. व्हॉल्व्ह, सिलिंडर तयार झाले की त्यांच्या तोंडात धूळ, चिप्स जाऊ नयेत आणि आटे खराब होऊ नयेत म्हणून एलडीपीई या मऊ प्लास्टिकची बुचं लावतात. आज आमचं निम्मं काम तेच आहे. बूच रुपया-दोन रुपयांचं, पण ते सैल बसलं तर हजारोंचा भाग परत येतो. म्हणून बाबा मापाच्या बाबतीत फार कडक होते.

एवढं सगळं वाचून मी उद्यम नोंदणी करायला बसले. ती फुकट आहे, सरकारी संकेतस्थळावर अर्ध्या तासात होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पण ती पॅनला चिकटलेली असते, म्हणजे बाबांची उद्यम माझ्या नावावर येत नाही, नवीच घ्यावी लागते. त्यात धंदा सुरू झाल्याची तारीख विचारतात. माझ्या पॅनवरचा धंदा 2024 मध्ये सुरू झाला, तेच खरं, तेच मी भरलं. प्रमाणपत्र छापून आलं. एका बाजूला बाबांची जिल्हा उद्योग केंद्राची लघुउद्योग नोंदणी, 2015 नंतरचं उद्योग आधार, 2020 नंतरचं उद्यम, आणि दुसऱ्या बाजूला हा कोरा कागद, ज्यावर आमचा कारखाना काही आठवड्यांचा आहे. मला रडू आलं. आई म्हणाली, "कागदाला काय ठाऊक? ग्राहकाला सांग की."

आणि ग्राहकाला सांगायची वेळ आलीच. मोठ्या ग्राहकांकडे प्रत्येक पुरवठादाराचा व्हेंडर कोड असतो. जीएसटी नंबर बदलला की त्यांच्या दृष्टीनं तुम्ही नवे व्हेंडर. नव्यांना फॉर्म असतो, त्यात स्थापनेचं वर्ष, तीन वर्षांचे ताळेबंद, मागचा अनुभव. एका कंपनीच्या खरेदी विभागानं सांगून टाकलं की तीन वर्षं पूर्ण नसतील तर अर्ज पुढं जाणार नाही. त्या रात्री मी एक पानाचं टिपण लिहिलं. आमच्या कारखान्याचा इतिहास, वर्षाप्रमाणं, प्रत्येक ओळीसमोर पुरावा. 1986, विजेची मंजुरी. 1992, कर्ज. 1998, कर्जफेड. 2005, व्हॅटचं प्रमाणपत्र. 2017, जीएसटी. 2024, वारसा दाखला आणि आयटीसी-02. खाली डायची यादी: त्यांच्याच मालकीच्या कोणत्या डाय किती सालापासून आमच्या रॅकवर आहेत, वहीतल्या नोंदीसकट. यंत्रं तीच, माणसं तीच, जागा तीच, बदललाय फक्त मालकाचा पॅन, असं स्पष्ट लिहिलं.

ते पान घेऊन मी स्वतः गेले. तिथल्या साहेबांनी आयटीसी-02 ची प्रत बराच वेळ पाहिली, मग त्यांच्या वित्त विभागाला बोलावलं. नवा कोड दिला, पण जुन्या कोडवरचं गुणवत्तेचं रेकॉर्ड त्याला जोडून. जुन्या ऑर्डरी नव्या नंबरावर सुधारून दिल्या. बाकीच्या ग्राहकांकडे तेच पान पाठवलं आणि एक-दोन सोडले तर सगळ्यांनी मान्य केलं. तुमच्यावर ही वेळ आली तर असं पान आधीच तयार ठेवा. तोंडी सांगितलेल्या अडतीस वर्षांना खरेदी विभागात जागा नसते, झेरॉक्स जोडलेल्या ओळीला असते. आणि नव्या उद्यमचा नंबर बिलावर न विसरता छापा, कारण सूक्ष्म-लघु उद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देण्याचा नियम त्या नोंदणीवरच लागू होतो.

दादा गणपतीला आला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तो चाकणला नोकरीला आहे. हिंदू वारसा कायद्यानं आई, दादा आणि मी तिघं सारखे वारस. वकिलांनी आई आणि दादाकडून मशीनं, डाय, माल आणि धंद्यावरचा हक्क माझ्या नावे सोडल्याचा कागद स्टँपवर करून घेतला. आमची जागा भाड्याची आहे, म्हणून नोटरीवर भागलं. जागा मालकीची असेल तर हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, आणि त्याचा खर्च, वेळ दोन्ही वेगळे. सही करताना दादा म्हणाला, "बाबांनी विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं." वकिलांची फी पाच हजार. सीएंनी सगळ्या कामाचे मिळून बारा घेतले. शेडच्या मालकांनी नवा भाडेकरार एक पैसाही न वाढवता करून दिला.

हे हातात आल्यावर वीजजोडणी. अर्ज, मृत्यूचा दाखला, हयात कुटुंबीयांचा दाखला, बाकी वारसांची संमती, जागामालकाचं ना हरकत, भाडेकरार, स्टँपवर हमीपत्र आणि बिल भरल्याची शेवटची पावती. इथं नावानं अडवलं. जुन्या पत्रावर बाबांचं नाव आद्याक्षरांत, आडनाव आधी. पॅनवर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शिवाय 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे आधीच्या कागदांवर बेळगाव आणि नंतरच्यांवर बेळगावी. एकाच प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं एकाच माणसाची आणि दोन्ही पत्ते एकाच जागेचे, असं लिहून घेतलं आणि त्याच्या प्रती पुढं सगळीकडे चालल्या. सुरक्षा ठेव मात्र नव्यानं मोजतात, साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी. जुनी ठेव कित्येक वर्षांपूर्वीच्या वापरावर होती, तेव्हा एक मशीन, आता तीन. अडतीस हजारांच्या आसपास जास्तीचे भरले. दिवाळीनंतर पहिलं बिल माझ्या नावानं आलं. 

एका कार्यालयात मात्र माझी फाइल बराच काळ एकाच टेबलावर पडून राहिली. "नाळे बन्नी", म्हणजे "उद्या या", ऐकून परत यायची. शेवटी तिथल्याच एका शिपाईमामांनी सांगितलं, "अर्जाची पोच मागा, तारीख आणि शिक्क्यासकट." पोच घेतल्यावर पुढच्या वेळी बोलणं तारखेवर होऊ लागलं. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. आणखी एक, कन्नडमध्ये दोन वाक्यं नीट बोलता आली तरी समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. सीमाभागात भाषेवरून मनं किती दुखावलेली आहेत हे मला ठाऊक आहे, माझ्या घरातही आहेत. तरी कामाच्या खिडकीपाशी मी दोन्ही भाषा बोलले आणि मला त्याचा कमीपणा वाटला नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रावर नाव बदलणं शेवटी राहिलं होतं. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे ती गुंतवणूक दाखवणारं सीएचं पत्र लागतं. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन, सगळं शहर त्यात गुंतलेलं. जानेवारीत पाहणीला माणूस आला. डाय थंड करायचं पाणी कुठं जातं, असं त्यानं विचारलं. फोरमनकाकांनी टाकी, पंप आणि परत येणारा पाइप दाखवला. तेच पाणी फिरतं, गटारात जात नाही. रनर, म्हणजे मालाबरोबर येणारी प्लास्टिकची जादा काडी, आणि खराब माल ग्राइंडरमध्ये दळून ठरलेल्या प्रमाणात परत वापरतो, तेही दाखवलं. आमचे कामगार दहापेक्षा कमी, म्हणून फॅक्टरी लायसन्सचा प्रश्न नव्हता. संमतिपत्र मार्चमध्ये आलं. महापालिकेचा व्यवसाय परवाना एप्रिलच्या नूतनीकरणालाच नव्या नावानं काढला, वेगळा खटाटोप नको म्हणून.

बाबांचं प्राप्तिकराचं काम अजून एक वर्ष चालतं, हे लक्षात ठेवा. 2023-24 चं विवरणपत्र मी वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून जुलै 2024 मध्ये भरलं. 1 एप्रिल 2024 पासून त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं वेगळं विवरणपत्र पुढच्या वर्षी, त्यांच्याच पॅनवर. ते झाल्याशिवाय पॅन परत करू नका.

आता पुढचं ठरवलंय. कारखाना पुन्हा एकट्या माणसाच्या नावावर ठेवायचा नाही. आई, दादा आणि मी अशी तिघांची भागीदारी करतोय. दोघंच भागीदार असतील आणि एक गेला तर भागीदारी तिथंच संपते. तिघं असतील आणि एकाच्या मृत्यूनंतरही बाकीचे धंदा चालू ठेवतील असं कलम करारात असेल तर चालू राहते. वकिलांनी ते कलम दाखवलं तेव्हा मी ते दोनदा वाचून घेतलं. भागीदारीला स्वतःचा पॅन असतो, म्हणजे नवा जीएसटी नंबर, नवी उद्यम, पुन्हा आयटीसी-02 आणि पुन्हा सगळे व्हेंडर फॉर्म. इतिहासाचं ते एक पान तयार आहे, त्यात फक्त एक ओळ वाढेल. मसुदा गेल्या आठवड्यात आला. आईला मी तो मराठीत वाचून दाखवला आणि तिनं नफ्याच्या वाटणीत फोरमनकाकांसाठी दिवाळीचा बोनस वेगळा लिहायला सांगितलाय. तेवढी दुरुस्ती झाली की सह्या.